दारावरचं पहिलं पान

कोल्हापूर,
४ ऑगस्ट २०२५

ती. मामा,

कारखान्याच्या दारावर तुम्ही कादंबरीचं पहिलं पान लॅमिनेट करून लावलंय, ही बातमी खरी आहे. काल फोनवर मामीनं आपणहून पक्कं केलं. "फ्रेमच करणार होते. मी म्हटलं, प्लास्टिक पुरे," असंही ती म्हणाली.

मागच्या वेळी पानं घाईघाईत डब्याच्या पिशवीत घातली होती, म्हणून सगळं पुन्हा नीट लिहिते. आमच्या प्रियदर्शनी मॅडमनी वर्गाला एक काम दिलंय. घरातला कधी कादंबरी न वाचलेला एक माणूस निवडायचा. त्याला ‘बिनसावलीचं शहर’ या आमच्या अभ्यासाच्या कादंबरीची झेरॉक्स थोडी थोडी पाठवायची. तिच्यातली भाषेची एकेक युक्ती त्याला पत्रातून समजावायची आणि त्याचं उत्तर मिळवायचं. या कादंबरीविषयी फोनवर एक अक्षर बोलायचं नाही. पत्रं शेवटी मार्कांसाठी जमा करायची. मी तुम्हाला निवडलं, कारण तुम्ही पेपरातले बाजारभाव सोडून काही वाचत नाही, असं मामी म्हणते.

मामीचा डबा रोज इचलकरंजीच्या बसनं बरोबर येतो आणि रिकामा परत जाताना माझं पत्र त्याच्याच पिशवीत असतं. गेल्या वेळची तुमची चिठ्ठी चारी बाजूंनी पिना मारून आली होती. उघडताना थोडी फाटली.

पान दारावर लागल्याचं मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काढा म्हणून सांगू नकोस. पुढची पानं पाठव." म्हणून दुसरं आणि तिसरं प्रकरण पाठवते आहे.

यातली युक्ती सोपी आहे. हिला चेतनगुणोक्ती म्हणतात, म्हणजे निर्जीव वस्तू जिवंत असल्यासारखी वागते. नगरपालिकेनं घरोघरी दिलेल्या त्या न विझणाऱ्या, सगळं बघणाऱ्या दिव्याचं नाव ‘सोबती’ आहे. दुसऱ्या प्रकरणात तो रुसतो. कुणी पडदा ओढला तर त्याला करमत नाही. तिसऱ्यात तो भुकेला होतो. लेखकानं दिव्याला भूक लावली ते वाक्य मी तीनदा वाचलं आणि पुस्तक मिटून बसले. दिवा तोच, पण पान उलटल्यावर त्याच्याकडं पाठ करून बसावंसं वाटेना.

छत्र्या दुरुस्त करणारी बाई तिसऱ्या प्रकरणात येते. तिच्याकडं लक्ष ठेवा.

तुमची,
रक्षिता


इचलकरंजी,
८ ऑगस्ट

चि. रक्षिता,

पत्र मिळालं. कंडक्टर नवीन होता, म्हणून पिना मारल्या. लोकांच्या हातातून जाणारी वस्तू आहे.

पान दारावर लावलं यात सांगण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही. चांगली गोष्ट चार लोकांनी वाचावी. "आमच्या शहरात आता सावली उरलेली नाही. त्यामुळं चोरी नाही, भांडण नाही, आळस नाही. सोबती झोपत नाही, म्हणून आम्ही निवांत झोपतो. ज्याच्याकडं लपवायला काही नाही, त्याला अंधार कशाला हवा?" मी सहा कॅमेरे बसवले तेव्हा हेच बोलत होतो, पण मला असं मांडता आलं नसतं. पुस्तक लिहिणारा माणूस कारखानदार असावा. आमचे दिवाणजी विजयसिंह यांनीही वाचलं आणि मान डोलावली.

पुढची प्रकरणं वाचली. छत्रीवाली बाई मला पसंत नाही. गावात ऊन नाही, पाऊस पडतो तो ठरल्या वेळी, मग रोज संध्याकाळी घरात बसून छत्री उघडायचं कारण काय? दिवा लिहून ठेवतो, "थोडा वेळ दिसली नाही." दिव्याचं काय चुकलं? लपतो तो चोर.

तशीच एक गोष्ट माझ्याकडं चालू आहे. आपला जॉबर आकाराम तुला माहीत आहे. तुझ्या लहानपणी तुला सायकलवरून शाळेत सोडायचा, तो. माग अडला की आवाजावरून ओळखतो आणि जाऊन दुरुस्त करतो. पण रोज पाळीत एकदा तो रिकाम्या बीमांच्या घोडीमागं, म्हणजे सूत गुंडाळायचे मोठे रूळ ठेवतात त्या चौकटीमागं, जातो. तिथं सहा नंबरचा कॅमेरा पोचत नाही. थोड्या वेळानं बाहेर येतो, तोंड पुसतो, कामाला लागतो. मी घरात जेवताना फोनवर बघतो. विजयसिंह म्हणतात, सुताचे कोन, म्हणजे गुंड्या, कमी भरतायत. मी दोन आणि दोन चार केले. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, १७ तारखेला माग बंद असतील, तेव्हा कॅमेरावाला सातवा कॅमेरा घेऊन येणार आहे. घोडीमागं काय चालतं ते एकदा दिसलं की सोमवारी आकारामला गावाकडं, चंदगडला, पाठवतो. बायकोपोरं कारखान्याच्याच खोलीत राहतात. त्यांनाही जावं लागेल. वाईट वाटतं, पण इलाज नाही.

त्यानं ते पान वाचलं बरं का. तेलाचे हात पाठीमागं बांधून वाचलं आणि मला विचारलं, "मालक, फुडचं पान कुठं हाय?" मी म्हटलं, पुढचं पान माझ्याकडं आहे, तू माग बघ.

आणखी एक. फोनच्या नकाशावर तुझा ठिपका दर गुरुवारी संध्याकाळी मंगळवार पेठेत एका बोळात दिसतो. कॉलेज तिकडं नाही, होस्टेलही नाही. तुला कोल्हापूरला ठेवताना काय ठरलं होतं ते तुला आठवत असेल. ठिपका भलतीकडं दिसला तर गाठोडं बांधून घरी यायचं. मी विचारत नाही. दिसलं ते सांगतो.

मामीनं शेंगदाण्याची चटणी दिली आहे. डबा सरळ धर, तेल सुटतं.

तुझा मामा,
बसवेश


कोल्हापूर,
१२ ऑगस्ट

ती. मामा,

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. उत्तर लिहायला आज बसले, कारण मधले दिवस मी नुसती त्याच्याकडं बघत होते.

मागच्या पत्रात मी सोपी युक्ती सांगितली आणि अवघड ठेवून दिली. पहिल्या पानावरची युक्ती अवघड आहे. तिला उपरोध म्हणतात. तुम्हाला कारखान्यातून यायला रात्रीचे अकरा वाजतात. मामी दार उघडते आणि म्हणते, "या. आज लवकर आलात की." तेव्हा तुम्ही खूश होऊन घड्याळाकडं बघत नाही. गप हात धुता आणि पाटावर बसता. शब्द एक सांगतात, सांगणारीला उलटं म्हणायचं असतं, आणि ज्याला ते लागायचं त्याला बरोबर लागतं.

मामा, पहिलं पान तसं आहे.

लेखकाला बिनसावलीचं शहर चांगलं वाटत नाही. त्याला त्याची भीती वाटते. पण भीती वाटते असं लिहिलं असतं तर आपण "बरं" म्हणून पुढं गेलो असतो. म्हणून त्यानं शहराचं कौतुक केलं, तेही इतक्या गोड भाषेत, की वाचणाऱ्यानं मान डोलवावी आणि पुढं कधीतरी आपली मान कशाला डोलली होती ते आठवून दचकावं. मीही डोलावली होती. वर्गातल्या बहुतेकांनी डोलावली. मॅडम म्हणाल्या, पहिल्या पानावर मान डोलावणाऱ्यांसाठीच हे पुस्तक लिहिलंय. हे ऐकल्यावर मला त्या लेखकाची धास्तीच वाटली. तो आपल्याला कधी भेटला नाही, इचलकरंजीला कधी आला नसेल, आणि तुम्ही जेवताना फोनकडं बघता ते त्याला माहीत होतं.

तुम्हाला हे सांगायचं धाडस होत नव्हतं. तुम्ही मला लहानाचं मोठं केलंत, इथं शिकायला ठेवलंत. रागावलात तर मला परत बोलवाल हेही माहीत आहे. तरी लिहिते, कारण रविवारी कॅमेरावाला येतोय.

उरलेली सगळी पानं पाठवते आहे. मॅडमना न विचारता एकदम पाठवते आहे. रविवारच्या आत शेवटपर्यंत वाचा, एवढंच मागते. शेवट मी सांगत नाही. छत्रीची युक्ती काय आहे तेही सांगत नाही. वाचून झालं की पानं आकाराममामांना द्या. त्यांनी पुढचं पान मागितलं होतं.

गुरुवारचं तुम्ही विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

तुमची,
रक्षिता


कोल्हापूर,
२० ऑगस्ट

ती. मामा,

डबा रोज येतो. चिठ्ठी नाही.

मामीला फोन केला. ती म्हणाली, "बोलत न्हाईत. रविवारी जेवण झाकून ठिवलं ते तसंच ऱ्हायलं." कॅमेरावाला आला होता का, विचारलं. म्हणाली, आला होता, शिडी घेऊन आला आणि शिडी घेऊन गेला. पुढचं तिला माहीत नाही. आकाराममामांविषयी विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण ते पुस्तकाविषयी बोलणं झालं असतं की काय कळेना. विचारलं नाही.

गाठोडं बांधायचं असेल तर तेवढं तरी कळवा.

रक्षिता


इचलकरंजी,
२४ ऑगस्ट

चि. रक्षिता,

गाठोडं बांधू नकोस. आकाराम कामावर आहे. ही दोन वाक्यं आधी लिहितो, म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मला राग आला. तुझा कमी, त्या लेखकाचा जास्त. माझ्या पैशाच्या प्लास्टिकमध्ये बसून तो माझीच थट्टा करत होता. उठून पान फाडायला गेलो. दाराशी आकाराम उभा होता. त्याला म्हटलं, "आकाराम, खरं सांग. हे पान वाचून तुला काय वाटलं?" दारावर एक नंबरचा कॅमेरा आहे, त्याच्याकडं त्यानं एकदा बघितलं. मी त्याला रस्त्यावर चहाच्या गाड्यापाशी नेलं आणि पुन्हा विचारलं.

तो म्हणाला, "हसलो की, मालक. पण बीमामागं जाऊन."

"एकटाच?"

"एकटाच कसा? एकेक करून समदी जाऊन आली."

रक्षिता, माझा कारखाना आठवडाभर त्या पानावर हसत होता आणि सहा कॅमेऱ्यांत एक हसू आलं नाही. रोज रात्री मी सगळे कॅमेरे बघून झोपलो. सगळ्यांचे चेहरे सरळ. मला वाटायचं, काय शिस्त आली आहे. गाड्यावरचा चहा माझ्या हातातच गार झाला.

पान फाडलं नाही. घरी जाऊन तुझी पानं काढली आणि दोन रात्रींत वाचून संपवली. मला सवय नाही, ओळीखाली बोट धरून वाचलं. छत्रीवालीच्या घरी तो अधिकारी येतो. छत्री जप्त करतो. उघडून बघतो, उलटी करतो, काड्या मोजतो. आत काही सापडत नाही. तो लिहितो, "काही नाही." आणि शहर घाबरतं ते त्या ‘काही नाही’ला. चोरीला ते घाबरले नसते. बाईला घेऊन जातात. आपल्याला वाटतं, संपलं. मग तो अधिकारी घरी येतो. त्याची लहान मुलगी सोबतीच्या उजेडात झोपलेली असते, तोंडावर उजेड पडलेला असतो, आणि तो तिच्या डोळ्यांवर तळहात धरून उभा राहतो. हात भरून येईपर्यंत. पुस्तक तिथंच संपतं. तो काय बोलला, काय विचार केला, काही नाही. नुसती तळहाताएवढी सावली.

पुढची पानं आहेत का म्हणून मी पिशवी उलटी करून बघितली. आकारामनं विचारलं होतं तसंच.

मग रविवार आला. माग बंद होते. तू बंद कारखान्यात कधी उभी राहिली नाहीस. एवढ्या वर्षांच्या खडखडाटानंतर ती शांतता अंगावर येते. कॅमेरावाल्यानं शिडी लावली आणि विचारलं, "तोंड कुठं करायचं, मालक?" मी म्हटलं, थांब, आधी मी बघून येतो. घोडीपाशी गेलो. बीम माझे, घोडी माझी, जागा माझ्या आजोबांनी घेतलेली. पण तिच्या मागं मी स्वतः कधी गेलो नव्हतो. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर सगळं दिसलं असतं.

तेव्हा मला तुझी पणजी आठवली. अव्वा सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायची. आम्ही पोरं घरभर दंगा करायचो, पण तिच्या समोरून कधी गेलो नाही. जाऊ नका असं कुणी सांगितलेलं आठवत नाही. तळहातावर काय चाललंय ते आमचं बघायचं नाही, हे पावलांनाच माहीत होतं. मोठं झाल्यावर ती पावलं कुठं गेली ते मला सांगता येणार नाही. रविवारी ती घोडीपाशी परत आली. मी पाऊल मागं घेतलं.

माझ्याच कारखान्यात एक जागा आहे आणि तिथं काय आहे ते मला माहीत नाही. याची भीती वाटायला पाहिजे होती. तसं झालं नाही. गाभाऱ्यापुढं उभं राहिल्यावर जसं वाटतं तसं वाटलं. हसायला तर सगळे पान लागल्यावर जायला लागले. आकाराम त्याच्या कितीतरी आधीपासून जातो. तो तिथं रडत असेल, बसत असेल, देवाचं नाव घेत असेल. त्याचं त्याला माहीत. कॅमेरावाल्याला सांगितलं, शिडी उचल. तो म्हणाला, "मग सातवा?" मी म्हटलं, तूच ने.

जेवलो नाही ते रागानं नव्हे, हे मामीला सांग. मी सांगितलं तर ती म्हणेल, "व्हय, लय कळतंय मला." हा उपरोध, बरोबर?

कोनांचं कळलं. ते सूतगिरणीतूनच कमी आले होते. विजयसिंहांनी मोजायचे कष्ट घेतले नव्हते. मी दोन आणि दोन चार केले होते, त्यातले पहिले दोनच नव्हते.

बाकीचे कॅमेरे आहेत. खोटं कशाला सांगू, ते काढणार नाही. रात्री शेडला राखण लागतेच. पण पाळी चालू असताना फोन कपाटात ठेवतो. पहिले दोन दिवस हात शिवशिवले.

पहिलं पान दारावरच आहे. त्याच्या खाली शेवटचं पान लावलं, तेही लॅमिनेट करून. परवा दुपारच्या सुट्टीत सगळे तिथं उभे होते. आकाराम वाचून दाखवत होता. तळहातापाशी आला आणि थांबला. कुणी हसलं नाही, आणि या वेळी ते कॅमेऱ्यामुळं नव्हतं.

तुझा ठिपका बंद केला आहे. कसा बंद करायचा ते मला जमत नव्हतं, दुकानात जाऊन करून आणला. गुरुवारचं मी विचारत नाही. आधीही हेच लिहिलं होतं. तेव्हा ते विचारणंच होतं.

मामा

पिना मारल्या नाहीत. इतके दिवस पत्रं कंडक्टरच्या हातातून गेली, बसस्थानकावर पडून राहिली, एकदा डबा चुकून जयसिंगपूरला जाऊन आला. कुणी उघडून बघितलं नाही. हे मी आधी ध्यानात घेतलं नव्हतं.


कोल्हापूर,
२९ ऑगस्ट

ती. मामा,

पत्र बसस्थानकावरच बाकावर बसून वाचलं. डब्यातल्या आमटीचं तेल एका कोपऱ्याला लागलं होतं, तेवढंच. मग ते घडी करून परत पिशवीत ठेवलं आणि चालत होस्टेलवर आले. रिक्षात बसावंसं वाटेना.

काल मॅडमना माझ्या पत्रांच्या झेरॉक्स आणि तुमची बाकीची सगळी पत्रं दिली. हे एक दिलं नाही. म्हटलं, मामांचं शेवटचं पत्र आहे, पण मी ते जमा करणार नाही. मार्क कापले तरी चालतील. मॅडमनी विचारलं, मामांनी कादंबरी पूर्ण वाचली का? मी म्हटलं, हो. छत्री कशाचं प्रतीक आहे, ते त्यांना कळलं का? मी म्हटलं, प्रतीक हा शब्द त्यांनी कुठंही लिहिलेला नाही. मॅडम हसल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

आता गुरुवारचं. तुम्ही विचारलं असतंत तर खोटं सांगितलं असतं. विचारलं नाही म्हणून सांगते.

मंगळवार पेठेतल्या त्या बोळात तालमीच्या मागं एक जुनी खोली आहे. तिथं मी हलगी वाजवायला शिकते. आमच्या वर्गातली पूर्णिमा घेऊन गेली. तिचे काका शिकवतात. पहिल्या दिवशी त्यांनी हलगी शेकोटीवर तापवून कातडं ताणलं आणि एक थाप दिली. मला ती कानात ऐकू आली नाही, छातीत आली. तेव्हापासून जाते. आपल्या घरातल्या मुलीनं हलगी वाजवायची म्हणजे तुम्ही काय म्हणाल, या भीतीनं लपवलं. जगात सगळ्यात मोठा आवाज करणारी गोष्ट मी लपवली, आणि ती लपली. तुमच्या फोनवर नुसता ठिपका होता, गप, एका जागी. आत मी इतक्या जोरात वाजवत होते की शेजारच्या आजी येऊन दार आपटायच्या. तुमच्या मागांचा खडखडाट लहानपणापासून कानात आहे, म्हणून ताल चुकत नाही, असं काका म्हणतात.

घोडीमागं काय आहे ते तुम्ही बघितलं नाही, हे वाचल्यावर माझं मला सांगावंसं वाटलं. त्याचं कारण मला नीट मांडता येत नाही. युक्तीचं नावही सापडत नाही.

पुढच्या शनिवारी, सहा तारखेला, अनंत चतुर्दशी आहे. मंडळाच्या मिरवणुकीत आम्ही पाचजणी पहिल्यांदा वाजवणार आहोत. दुपारी चारनंतर पेठेतून निघायचं ठरलंय, पण निघायला सहा वाजतील असं सगळे म्हणतात. आकाराममामांना सुट्टी असली तर त्यांनाही आणा. सायकलवरून शाळेत सोडताना ते तोंडानं हलगीच वाजवायचे, ते मला आता आठवतंय.

मामी येणार, हे तिनं काल फोनवर सांगितलं. तुमचं तिला माहीत नाही. इचलकरंजीची बस त्या दिवशी गावाबाहेरच थांबवतील, पुढं चालत यावं लागेल. गर्दीत फोन लागत नाहीत आणि मी कुठं आहे हे आता कुणालाच दिसणार नाही. पेठेच्या तोंडाशी आलात की जरा उभे राहा. बाकीची वाद्यं जाऊ द्या. कानात न येता छातीत येईल, तिकडं या.

तुमची,
रक्षिता